बाबांच्या नावावर घेतलेलं नाव

बाबा कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. समोरची माणसं 'या, बसा' म्हणत असायची, आई चपला कुठे काढाव्यात म्हणून घुटमळत असायची, आणि बाबा दारातच मान वर करून उभे. पंखा कुठल्या कंपनीचा, दांडा सरळ आहे का, फिरताना डुगडुगतोय का, हे पाहिल्याशिवाय ते टेकत नसत. लहानपणी मला या सवयीची लाज वाटायची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला मला सोडायला आलेले बाबा तिच्या आजोबांना नमस्कार करायच्या आधी त्यांचा पंखा तपासतात, यात कौतुक वाटावं असं मला काही दिसत नव्हतं.

कुर्ल्याच्या एका पंख्याच्या कारखान्यात ते तीसेक वर्षं होते, त्यातली बहुतेक बॅलन्सिंग खात्यात. तीन पाती सारख्या वजनाची निवडायची, पंखा टांगून फिरवायचा, आणि कुठल्या पात्याला वजन कमी पडतंय ते ओळखून तिथे वायसर चढवायचा. त्यासाठी यंत्र नंतर आलं. बाबा नजरेने ओळखायचे. रिटायर झाल्यावरही त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दोन-तीन वायसर असायचेच. कुणाकडे त्यांच्या कंपनीचा पंखा डुगडुगताना दिसला की परवानगीसुद्धा न विचारता ते स्टूल मागायचे. 'आमचा आहे,' एवढंच म्हणायचे. जणू त्या घरातल्या लोकांनी तो विकत आणलाच नव्हता.

कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. प्रत्येक खात्यात नारळ फोडायचा मान त्या खात्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाचा, मग तो रिटायर झालेला का असेना. बॅलन्सिंगचा नारळ बाबांचा. पितृपक्षाच्या आसपास कंपनीचं पोस्टकार्ड यायचं आणि खंडेनवमीपर्यंत फ्रिजवर उभं असायचं. त्या दिवशी बाबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचे आणि संध्याकाळी वर्तमानपत्राच्या पुडीत खोबऱ्याचे तुकडे आणि दोन पेढे घेऊन यायचे. पुडीला ग्रीसचा वास असायचा. आई म्हणायची, 'प्रसादाला ऑइल लागलंय.' बाबा म्हणायचे, 'तेच तर लागायला पाहिजे.' या एका दिवसावर त्यांचं अख्खं वर्ष टांगलेलं होतं, आणि हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मुळीच नाही. चांगलं कळत होतं. म्हणून पुढचं सांगायला जड जातंय.

परळची खोली विकून आम्ही मिरारोडला सिल्व्हर पार्कात आलो तेव्हा नातेवाईक हसले होते. 'मिठागरात राहायला चाललात?' असं एका मामांनी विचारलं होतं. काही वर्षांत तेच मामा फोन करून भाव विचारायला लागले. त्यामुळे आमच्या घरात, आमच्याच काय, आजूबाजूच्या सगळ्याच घरांत, एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. जागा मोकळी असताना जो घेतो तो शहाणा. 'तेव्हाच शेजारचा फ्लॅटही घेऊन ठेवला असता तर,' हे आईचं रोजच्या चहाबरोबरचं पालुपद होतं. मी त्या पालुपदावर वाढले.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. कॉमर्स करून मी भाईंदरला केबिन रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. खाली साड्यांचं दुकान, वर आमचा क्लास, आणि जिन्यात चपलांचा ढीग. क्लासचे मालक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, गुजराती होते आणि आमच्याशी हिंदीत बोलायचे. त्यांना एक नाद होता. इंटरनेटवरच्या पत्त्यांचा. एखाद्या कंपनीने स्वतःच्या नावाचा पत्ता अजून घेतलेला नसला की सर तो स्वतःच्या नावावर करून टाकायचे. साबणवाले, पापडवाले, टायरवाले, अशी डझनभर नावं त्यांच्या वहीत होती.

'ये जमीन है, बेटा,' ते मला म्हणाले. 'अभी खाली पड़ी है. कल कंपनीवाले खुद आएँगे, हाथ जोड़ के.'

मिरारोडच्या मुलीला याहून वेगळं काही समजावून सांगायची गरज नसते. परदेशात कुणीतरी असं नाव विकून बंगला बांधला, असल्या गोष्टी पेपरात येत होत्या. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर आपण बसतोय, हा प्रश्न ना सरांना पडला ना मला. ज्याचं नाव आहे त्याला ते घ्यायची अक्कल नाही, त्यात माझा काय दोष, असा माझा तोरा होता. एका दुपारी मी बाबांच्या कंपनीचं नाव टाकून बघितलं, पुढे टिंब आणि कॉम. मोकळं होतं. मला आनंद झाला, आणि तो हावरट आनंद होता. बाबांचा विचार त्यात नव्हता. तो नंतर चिकटवला.

सरांच्या कार्डावरून पैसे भरायचे ठरले. फॉर्म उघडला. पहिलाच रकाना, नाव कुणाच्या नावावर घ्यायचं. मी माझं नाव टाइप केलं आणि थांबले.

आमच्याकडे माझ्या नावावर काहीच करत नसत. फोन बाबांच्या नावावर, गॅस बाबांच्या नावावर, मी माझ्या पगारातून घेतलेली स्कूटीसुद्धा बाबांच्या नावावर. आईचं म्हणणं, 'लग्नानंतर तुझं नाव बदलणार. मग सगळीकडे अर्ज करत फिरायचं, ॲफिडेव्हिट काढायची. कशाला तो व्याप? बाबांचं नाव काय बदलणार आहे?' हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मी फार विचारच केला नाही. माझं नाव पुसलं आणि बाबांचं पूर्ण नाव घातलं. पत्ता सिल्व्हर पार्कचा, फोन घरचा. फॉर्मला ई-मेल हवा होता म्हणून बाबांच्या नावाने एक खातंही उघडलं. ज्या माणसाने आयुष्यात कीबोर्डला हात लावला नव्हता, तो माणूस पाच मिनिटांत त्याच्या कंपनीच्या नावाचा मालक झाला.

घरी जाऊन मी हे भेट दिल्यासारखं सांगितलं. 'बाबा, तुमच्या कंपनीला मी इंटरनेटवर आणलंय. तुमच्या नावावर.'

बाबांना त्यातलं अर्धंही कळलं नाही, पण डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून केबिन रोडला क्लासमध्ये हजर. आधी वर बघितलं, आमच्या क्लासचा पंखा दुसऱ्याच कंपनीचा होता, त्याला नाक मुरडलं, मग खुर्चीत बसले. मी घाईघाईने एक पान बनवलं होतं. कंपनीचं नाव, खाली पंख्याचं चित्र, बस. बाबा स्क्रीनपासून लांब बसून बघत राहिले.

'हे सगळीकडे दिसतंय? कुर्ल्यालाही?'

'अमेरिकेतसुद्धा.'

'मग खाली बॅलन्सिंग खात्याचं लिही ना काहीतरी. लोकांना वाटतं पंखा म्हणजे मोटर. मोटर कुणीही बनवेल.'

मी 'लिहिते' म्हटलं. लिहिलं नाही. जिथून आपण उठणारच आहोत तिथे रंगरंगोटी कशाला करायची, असा माझा हिशोब होता.

त्या खंडेनवमीला बाबांनी नारळ फोडला आणि कारखानाभर सांगितलं की मुलीने कंपनीला कॉम्प्युटरवर आणलंय. मॅनेजरनी पाठ थोपटली म्हणे. संध्याकाळी पुडीत दोनऐवजी चार पेढे होते. 'दोन तुझे, वेगळे दिलेत,' बाबा म्हणाले. मी ते खाल्ले.

कंपनीवाले हात जोडून काही आले नाहीत. तीन-चार महिने वाट बघून माझा धीर सुटला. मी बाबांच्या नावाने उघडलेल्या खात्यातून कंपनीच्या ऑफिसला इंग्रजीत पत्र लिहिलं. हे नाव आमच्या ताब्यात आहे, योग्य मोबदला मिळाल्यास द्यायची तयारी आहे, अन्यथा इतरांशी बोलणी करावी लागतील. शेवटचं वाक्य सरांनी सुचवलं होतं, पण लिहिलं मी. आणि खाली, खातं बाबांचं असल्यामुळे, बाबांचं नाव. तेव्हा माझा हातसुद्धा अडखळला नाही.

होळीनंतर रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. पोस्टमनकडे सही बाबांनीच केली. मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ते चष्मा लावून पलंगावर बसले होते आणि कागद मांडीवर होता. इंग्रजी वाचायला त्यांना वेळ लागायचा, पण कळायचं सगळं. वकिलांनी लिहिलं होतं की आमच्या अशिलाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क तुम्ही वाईट हेतूने, त्यातून पैसे काढण्यासाठी अडवून ठेवलाय. पुरावा म्हणून माझं पत्र शब्दन् शब्द खाली छापलं होतं, बाबांच्या नावासकट.

'हे तू लिहिलंस?'

'हो.'

'खाली माझं नाव आहे.'

'नाव तुमचंच आहे ना ते. सगळंच तुमच्या नावावर असतं.'

असं मी बोलले. घाबरले होते म्हणून बोलले, हे खरं, पण घाबरलेली माणसं दुसरंही काही बोलू शकतात. बाबा चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, 'मला क्लासमध्ये बोलावून दाखवलंस, तेव्हाच विकायचं ठरलं होतं?'

'नाही,' मी म्हटलं. तेही खोटं होतं. त्यांना ते कळलं असणार. पंखा किती हलतोय ते लांबून ओळखणारा माणूस.

माझं लग्न तेव्हा जवळजवळ ठरलं होतं. पुढच्या आठवड्यात बोलणी होती. आई पदराला हात पुसत दारात उभी होती. ती म्हणाली, 'अहो, हिच्यावर कोर्टबिर्टाचं काही येणार नाही ना?' बाबांनी कागदाची मूळची घडी होती तशीच घातली. 'तिचं नाव यात कुठेच नाहीये. कागद माझ्या नावावर आलाय, मीच निस्तरतो.'

मला हायसं वाटलं. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. बापाच्या गळ्याशी आलेलं बघून मला हायसं वाटलं.

सरांकडे गेले तर त्यांनी सरळ कानावर हात ठेवले. 'नाम तो तेरे पापा के नाम पे है, बेटा.' फी घेणाऱ्या शिक्षकाने इतकं खरं बोलायला नको होतं.

कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. आत शिरल्यावर बाबांनी सवयीने वर बघितलं. वर पांढऱ्या चौकोनांचं छत होतं आणि गार हवा सोडणाऱ्या जाळ्या. पंख्याच्या कंपनीत पंखा नव्हता. एरवी मी यावर घरी जाऊन पोट धरून हसले असते. बाबांनी मान खाली केली.

समोरचा अधिकारी माझ्याच वयाचा असेल. चांगला मुलगा होता, वाईट वाटून घेत होता. त्याने हमीपत्र पुढे केलं. नाव कंपनीच्या स्वाधीन करतो, पुन्हा असं करणार नाही, आणि मधे एक ओळ, की सदर नाव मी स्वतःच्या लाभासाठी घेतलं होतं. बाबा त्या ओळीवर थांबले.

'ही ओळ काढता येईल का, साहेब?'

'काका, हा ठरलेला मजकूर असतो. माझ्या हातात नाहीये.' मग जरा घुटमळून तो म्हणाला, 'तुम्ही बॅलन्सिंगमध्ये होतात ना? मी फॅक्टरीत विचारलं. तिथे कुणी विश्वासच ठेवायला तयार नाही. हे खरंच तुम्ही केलंत?'

त्याने विचारलं बाबांना, पण बघितलं माझ्याकडे. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि त्याला ते ऐकायचंही होतं. मी पर्सची चेन उघडली आणि लावली.

'चूक झाली, साहेब,' बाबा म्हणाले आणि सही केली. सही करताना ते नेहमीसारखं पूर्ण नाव लिहायचे, वडिलांच्या नावासकट. तसंच लिहिलं.

येताना वाटेत मी म्हटलं, 'मी जाऊन सांगते त्यांना.' बाबा म्हणाले, 'आता सही झाली.' त्या विषयावर ते माझ्याशी यापलीकडे कधीच बोलले नाहीत. ना तेव्हा, ना नंतर.

लग्नाची बोलणी पार पडली, तारीख पुढच्या थंडीतली निघाली. मध्ये पितृपक्षात कंपनीचं पोस्टकार्ड आलं. अंधेरीला झालेल्या सहीचं कुर्ल्याच्या कारकुनाला काय ठाऊक. त्याच्या यादीत बाबांचं नाव होतं, त्याने नेहमीसारखं पाठवलं. ते न येतं तर बरं झालं असतं. बाबांनी ते फ्रिजवर ठेवलं, तसंच उभं. मला वाटलं, जातील. तिथली जुनी माणसं त्यांना ओळखतात, जवळ घेतील. मला तसं वाटून घेणं सोयीचंही होतं.

खंडेनवमीला बाबा पांढरा शर्ट घालून सकाळी निघाले. आईने विचारलं, 'वायसर घेतले का?' तिची दरवर्षीची थट्टा होती ती. बाबा 'हो' म्हणाले. संध्याकाळी आले तेव्हा हातात पेढ्यांचा बॉक्स होता. पुडी नव्हती, खोबरं नव्हतं. गुळगुळीत पुठ्ठ्याचा बॉक्स, आणि त्यावर केबिन रोडवरच्या मिठाईच्या दुकानाचं नाव, टेलिफोन नंबरासकट. आईने बॉक्स घेतला, देवापुढे ठेवला, मग आम्हाला एकेक पेढा दिला. 'यंदा चांगला दिलाय प्रसाद,' ती म्हणाली. तिघांनी खाल्ले. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

तीन-चार दिवसांनी आमच्याकडे नेहमी येणारी कोळीण दारात टोपली उतरवून बसली. ती उत्तनकडच्या डोंगरीहून यायची. पापलेट दाखवता दाखवता आईला म्हणाली, 'तुमचं बाबा दिसलं आमच्याकडं, नवमीला. बस उभी राहते ना, तितं. सकालपासनं एकलंच बसलं व्हतं. मी इचारलं, कुनाकडं आलाव? तं बोललं, कुनाकडं न्हाय. बरं हाय ना त्यांना?'

'हो, काम होतं त्यांचं तिकडे,' आई म्हणाली आणि माशाचे कल्ले उचलून बघायला लागली. ते पापलेट तिने घेतलं, घासाघीस न करता. मी आत जाऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडले. बाबा कुर्ल्याऐवजी उत्तनची बस पकडून अशा ठिकाणी गेले होते जिथे त्यांना कुणी ओळखत नाही, आणि पांढऱ्या शर्टात दिवसभर बस स्टॉपवर बसले होते, कारखाना सुटायची वेळ होईपर्यंत. माझ्यामुळे. पुढच्या वर्षी पोस्टकार्ड आलं ते त्यांनी फ्रिजवर ठेवलं नाही.

ते नाव कंपनीने घेतलं आणि तसंच टाकून दिलं. कितीतरी दिवस तिथे 'काम चालू आहे' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ होती, दुसरं काही नाही. मी अधूनमधून बघायचे. एवढ्यासाठी का, असं वाटून राग यायचा, आणि मग तो कुणावर काढावा ते कळायचं नाही.

लग्न झालं, आणि आई म्हणायची तसं माझं नाव बदललं. बँकेत, रेशनकार्डावर, सगळीकडे. मला एकही ॲफिडेव्हिट काढायला त्रास झाला नाही, फार तर दोन दुपारी गेल्या.

सासर भाईंदर पश्चिमेला. पहिल्यांदा आई-बाबा जेवायला आले तो दिवस मला नीट आठवतो. आमच्या हॉलमध्ये बाबांच्याच कंपनीचा पंखा होता, जुना, आणि चांगलाच डुगडुगायचा. सासूबाई म्हणायच्या, डोक्यावर पडेल एक दिवस. तो नीट करून घ्यायचं मी मुद्दाम टाळलं होतं. बाबा येतील, दारातून वर बघतील, 'आमचा आहे' म्हणतील, खिशात हात घालतील. मी स्टूलही पुसून ठेवलं होतं.

बाबा आले. दारात चपला काढल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि सांगितलेल्या खुर्चीत बसले. बरोबर पंख्याखाली. चहा घेतला, माझ्या सासऱ्यांशी पाण्याच्या टंचाईवर बोलले. वर बघितलं नाही. पंखा करकरत होता, सगळ्यांना ऐकू येत होता. शेवटी मीच स्टूल घेऊन आले आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

'बाबा, पंखा डुगडुगतोय. तुमच्या कंपनीचा आहे.'

त्यांनी कप बशीत ठेवला. शर्टाच्या खिशात फक्त पेन होतं.

'चांगला इलेक्ट्रिशियन बघ एखादा,' ते खाली बघतच म्हणाले. 'मला आता त्यातलं काही कळत नाही.'

मी स्टूल आत नेऊन ठेवलं.